सांडव्यावरची तारगाडी

पळसबोडीच्या तलावाचा सांडवा तुंबल्याची बातमी दामिनी टेंभरेला तुमसरच्या घरी सकाळच्या चहाबरोबर मिळाली. फोनवर पळसबोडीच्या सरपंच शकुनबाई होत्या आणि त्यांच्या मागे बऱ्याच माणसांचा गलका ऐकू येत होता.

"कशाने तुंबला?" दामिनीने पहिला प्रश्न केला. "गाळाने की लाकडाने?"

"लाकडानं! डोंगरावरचं तुमचंच लाकूड आहे, बाई. रातभर नाला फुगला, अन् सकाळी पाहतो तं सलंगाच्या तोंडाशी हा मोठा ढीग. पानी चढून राहिलं. कोनी म्हणते पार फोडा, कोनी म्हणते जेसीबी आना. तुमची ते तारगाडी येऊ शकते का, तेवढं सांगा."

सलंग म्हणजे सांडवा आणि पार म्हणजे तलावाचा बांध, हे दामिनीला कोणी सांगायला नको होतं. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. पाऊस थांबला होता, पण उत्तरेला, डोंगराच्या अंगाला, आभाळ अजून काळंच होतं.

"येते," ती म्हणाली. "पार फोडू नका. आणि पारीवर कोणतंही यंत्र चढवू देऊ नका. मी पोहोचेपर्यंत एवढं सांभाळा."

फोन ठेवून तिने आत हाक मारली, "बाबूजी, आज चप्पल नको, बूट घाला!"

तिचे वडील भैय्यालाल यांनी उभी हयात सागवानाचे ट्रक हाकण्यात घालवली होती. गोंदिया तुटून वेगळा जिल्हा झाला, त्याच्याही आधीपासून त्यांचा ट्रक इकडच्या सगळ्या जंगलांतून फिरलेला. शाळेला सुट्टी लागली की दामिनी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसून कूपात जायची. झाडं तोडायला काढलेला जंगलाचा तो तुकडा तिला जत्रेसारखा वाटायचा. मात्र एक गोष्ट तिला तेव्हाही बघवत नसे. उतारावरून ओंडके ओढताना बैलांचे गुडघे फुटत, आणि माणसं खांद्याला दोर लावून, दात-ओठ खात ते ट्रकवर चढवत. एखादा ओंडका घसरला की सगळेच बाजूला उड्या मारायचे. कधीकधी एखाद्याला ती उडी जमायची नाही.

पुढे ती नागपूरला मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि तिथल्याच एका संस्थेत संशोधनाला लागली. विषय तिने स्वतः मागून घेतला: डोंगराळ जंगलातून लाकूड बाहेर कसं काढावं, की ज्याने माणूस मोडणार नाही आणि मातीही खरवडणार नाही. तारगाडी हे त्याच कामाचं फळ. ट्रॅक्टरच्या मागे बसवलेलं, त्याच्याच इंजिनावर फिरणारं दोन ढोलांचं विंच. एका ढोलावर जाड तार, दुसऱ्यावर बारीक. जाड तार दोन भक्कम झाडांमध्ये ताणायची, तिच्यावरून चाकांचा एक छोटा गाडा धावतो, आणि गाड्यातून खाली सोडलेली बारीक तार ओंडका उचलून हवेतून आणते. त्या तारेत एक ताणमापक बसवलेला होता. तारेवर किती ओझं आलं, ते दामिनीच्या हातातल्या छोट्या पडद्यावर दिसायचं.

ट्रॅक्टर चालवायला तिने दोन ड्रायव्हर ठेवून पाहिले होते. दोघंही भैय्यालालना पसंत पडले नाहीत. "क्लच असा सोडते जसा बैलाले दगड मारून राहिला," असं म्हणून म्हातारा एक दिवस स्वतःच सीटवर बसला, तो उतरलाच नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यात पळसबोडीच्या डोंगरावर वादळाने सागवान आणि ऐनाचा मोठा पट्टा आडवा केला होता. नाल्याच्या दोन्ही बाजूंना तीव्र उतार, तिथे बैल जाईना की ट्रक. दामिनीने परवानगी काढून तिथेच तारगाडीची चाचणी लावली. संध्याकाळी गावचे लोक पायथ्याशी बसून डोक्यावरून झुलत जाणारे ओंडके बघायचे आणि सर्कस आली म्हणून हसायचे. अर्ध्याहून जास्त लाकूड उतरलं. मग पावसाळा लागला, दरवर्षीप्रमाणे जंगलातली कामं बंद झाली आणि उरलेलं लाकूड नाल्याच्या काठावर तसंच राहिलं. हे कधीतरी तलावात येणार, असं दामिनी तेव्हा बोलली होती. ऑगस्टच्या या पावसात ते आलं.

ट्रॅक्टर आणि विंच सिहोऱ्याच्या एका शेडमध्ये होतं. बापलेक तिथे पोहोचले तेव्हा नत्थू दारातच उभा होता. तो जंगलतोडीच्या टोळीचा मुकादम, दामिनीच्या कामाचा उजवा हात. आपल्या टोळीतली चार माणसं त्याने आधीच गोळा करून ठेवली होती.

"तारा तेल लावूनच ठेवल्या हाये," तो म्हणाला. "फक्त निघायचं बोला."

पळसबोडीत सगळं गाव तलावावर होतं. दामिनी ट्रॅक्टरवरून उतरली आणि आधी सांडव्यापाशी जाऊन उभी राहिली. तलावाचा बांध उजव्या हाताला लांबवर गेलेला, जुना, मातीचा, वरून गवताने हिरवागार. डाव्या टोकाला तो डोंगराच्या खडकाला टेकत होता आणि तिथेच दगडी सांडवा होता. सांडव्याचं तोंड आता दिसतच नव्हतं. ओंडके एकमेकांवर चढून बसले होते, त्यांच्या फटींत फाटे, बांबू आणि पाचोळा असा घट्ट बसला होता, जणू एखाद्या सुगरणीने भिंत लिंपली असावी. जिथून पाण्याचा लोट पडायला हवा तिथून नुसत्या धारा गळत होत्या. तलावाचं पाणी बांधाच्या माथ्याच्या हातभर खाली आलं होतं. बांधाखाली नुकतीच रोवणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं, एकामागून एक पसरल्या होत्या.

शकुनबाई पदर खोचून चिखलात उभ्या होत्या. साठीच्या आसपासची, किडकिडीत बाई. त्यांच्या शेजारी त्यांचा पुतण्या भूपेंद्र. सिहोरा भागात त्याचे दोन जेसीबी चालत. त्यातला एक बांधाच्या उजव्या टोकाला, रस्त्यावर, इंजिन चालू ठेवून उभा होता.

"ताई, तुमची तार लागेपर्यंत दुपार होईल," भूपेंद्र म्हणाला. "माह्या मशीननं घंटाभरात ढीग फोडतो. काकू उगाच अडवून राहिली."

"भाऊ, तुमच्या मशीनचं वजन किती?"

"असंन सात-आठ टन."

"बांध रात्रभर पाणी प्यायलाय. इथे या." दामिनीने बांधाच्या खालच्या उतारावर बुटाची टाच रोवली. टाच लोण्यात जावी तशी आत गेली आणि खड्ड्यात लगेच पाणी जमलं. "माणूस चालला तर चालेल. बैलगाडीही कदाचित जाईल. तुमचं मशीन सांडव्यापर्यंत पोहोचणार नाही."

"अन् तुमचा ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टर बांधावर येणारच नाही. तो तिकडे डोंगरावर, खडकावर उभा राहील. तार त्या मोहाच्या झाडापासून निघेल, सांडव्याच्या डोक्यावरून जाईल आणि सांडव्याखालच्या नाल्यापलीकडे ते अर्जुनाचं झाड आहे, त्याला बांधू. बांधाला हातसुद्धा लागणार नाही. सगळं ओझं दोन झाडांवर."

शकुनबाईंनी मोहाकडे पाहिलं, मग अर्जुनाकडे, मग पाण्याकडे. "झाडं पेलतीन?"

"पेलतील. मे महिन्यात याच मोहावर आम्ही यापेक्षा मोठी ओझी घेतली आहेत, मोजून. अर्जुन नाल्याच्या दगडात रुजलाय. तो बघून आल्याशिवाय मी तार ताणणार नाही."

"मंग लावा," शकुनबाई म्हणाल्या. "भूपेन, तू गडी लावून रेतीच्या बोऱ्या भर."

भूपेंद्रचा चेहरा पडला. आख्ख्या गावादेखत काकूने त्याला बोऱ्या भरायला सांगितलं होतं. तो वळून निघून गेला.

भैय्यालालनी ट्रॅक्टर डोंगराच्या पायवाटेने वर घेतला, मागची चाकं खडकाच्या खाचेत बसवली आणि ती घसरू नयेत म्हणून दगडांची उटी लावली. नत्थू नायलॉनची दोरी कमरेला बांधून बांधावरून पलीकडे चालत गेला, खाली उतरून अर्जुनापाशी पोहोचला. दामिनीही त्याच्या मागोमाग गेली. तिने झाडाचं बूड चहूबाजूंनी पाहिलं, मुळाशी माती कुठे फुगली आहे का ते चाचपलं, बुंध्यावर हाताने थापटलं. मुळं खडकाच्या भेगांत शिरून पार नाल्याच्या तळापर्यंत गेली होती. "हा हलणार नाही," ती म्हणाली. झाडाची साल कापू नये म्हणून त्यांनी जुन्या टायरचे तुकडे गुंडाळले आणि त्यावरून पट्टा बांधला. मग दोरीच्या मागून बारीक तार आली, बारीक तारेच्या मागून जाड तार, आणि वर मोहापाशी भैय्यालालनी ढोल फिरवायला सुरुवात केली. पाण्यावरून लोंबणारी तार थेंब झटकत हळूहळू सरळ झाली.

दामिनी डोंगरावर परत पोहोचली तेव्हाच खाली आरडाओरडा झाला.

भूपेंद्रने जेसीबी बांधावर घातला होता. अर्धा बांध तो नीट आलाही. मग खालच्या बाजूचं मागचं चाक रुतलं, त्याने जोर दिला, आणि ओल्या भाकरीची कड तुटावी तशी बांधाची कड तुटून खाली सरकली. मशीन शेतांच्या बाजूला कललं आणि तसंच थांबलं. चाकालगत, बांधाच्या माथ्यावर शेताकडच्या अंगाला एक लांब चीर पडली होती.

"हलू नका!" दामिनी ओरडली. "भूपेंद्रभाऊ, इंजिन चालू ठेवा, पण हलू नका!"

बायका किंचाळत होत्या. चीर रुंदावली तर भूपेंद्र तर जाईलच, त्याच्यामागे तलावही जाईल, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दामिनीने मात्र त्या क्षणी फक्त अंतर पाहिलं. मोहापासून जेसीबीपर्यंत बारीक तार पुरत होती. मोहाची बाजू पाण्याकडची, मशीन कललेलं शेताकडे. म्हणजे तार मशीनला पाण्याकडे, सरळ ओढून धरू शकत होती. उपसून काढायची गरजच नव्हती. नुसतं धरलं तरी पुरे होतं; मागे तो स्वतः जाऊ शकला असता.

"बाबूजी, गाड्यातून बारीक तार मोकळी करा. कप्पी मोहाला. नत्थू, तार घेऊन पळ, वरच्या चौकटीला अडकव, खाली नको!"

नत्थू ओलं गवत तुडवत पळाला. पाण्याच्या कडेकडेने गेला, कारण चीर दुसऱ्या बाजूला होती. त्याने केबिनच्या वरच्या लोखंडी चौकटीला साखळी घातली, तारेचा हूक बसवला आणि हात वर केला.

"घ्या," दामिनी म्हणाली. "हळू. बाबूजी, अगदी हळू."

"मले सांगू नोको, पोट्टे. तू आकडा सांग."

तार ताणली गेली. पडद्यावरचा आकडा चढू लागला आणि दामिनी तो मोठ्याने वाचू लागली. जेसीबी करकरला. कललेली बाजू किंचित वर आली, मग आणखी थोडी.

"बस! एवढाच ताण धरा. भूपेंद्रभाऊ, आता मागे घ्या. सरळ मागे. स्टिअरिंगला हात लावू नका. तुम्ही मागे जाल तशी तार आम्ही सोडत जाऊ."

केबिनमध्ये भूपेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने मान हलवली. मशीन बोटभर मागे सरकलं. आकडा वाढला. "ढील!" दामिनी म्हणाली आणि भैय्यालालनी ब्रेकची मूठ सोडली, पण इतकी कमी की तार कुरकुरत, जिवावर आल्यासारखी सुटली. पुन्हा बोटभर. पुन्हा ढील. ट्रकच्या ब्रेकवर पाय ठेवून घाटातून उतरत आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाताला जे कळतं ते पडद्याला कळत नाही, आणि पडद्याला जे दिसतं ते हाताला दिसत नाही. त्या वेळी दोन्ही एकाच डोंगरावर होतं हे बरं झालं. चाक चिरेपासून सुटलं. मग पुढचंही सुटलं. जेसीबी बांधाच्या रुंद भागात सरळ उभा राहिला तेव्हा भूपेंद्र थांबला नाही, तसाच मागे जात जात रस्त्यावर पोहोचला आणि उतरून खाली बसला.

शकुनबाई त्याच्याकडे गेल्या नाहीत. त्यांनी गावाकडे वळून आवाज चढवला. "तमाशा पाहून राहिले का? बोऱ्या आना! ते चीर भरा!" आणि सगळं गाव हललं. रेतीच्या बोऱ्या हातोहात बांधावर येऊ लागल्या. थोड्या वेळाने दामिनीने पाहिलं, तर रांगेत भूपेंद्रही होता, डोक्यावर बोरी घेऊन.

आता खरं काम. तार पुन्हा गाड्यात ओवली गेली आणि गाडा सांडव्याच्या बरोबर वर येऊन थांबला. तुंबलेल्या लाकडात सगळे ओंडके सारखे नसतात, हे दामिनीने दोन वर्षं कूपात ढीग उसवून, मोजून पाहिलं होतं. वरचे ओंडके नुसते टेकलेले असतात. त्यातला एखादाच असा असतो की बाकीचे त्याच्या जिवावर उभे असतात. तो कोणता हे ओळखताना डोळा फसतो, पण तारेला फसवता येत नाही. ती प्रत्येक ओंडक्याला साखळी घालायला लावायची, थोडा ताण द्यायची आणि आकड्याकडे व ढिगाकडे एकदमच बघायची. आकडा ओंडक्याच्या वजनाएवढाच असला की "उचला". ओंडका पाण्यातून सुटून टपटपत वर यायचा, तारेवरून झुलत डोंगराच्या उताराकडे जायचा आणि खडकावर अलगद टेकायचा. खाली बांधावर बोऱ्या वाहणारे लोक थांबून माना वर करून बघायचे. या वेळी कोणी सर्कस म्हणालं नाही.

असे बरेच ओंडके निघाले. ढीग उतरला, पण पाणी काही हटेना, कारण खालचा फाट्यांचा लगदा घट्ट होता. मग नत्थूने एका जाड ऐनाला साखळी घातली. मुळांसकट उपटून आलेलं झाड, आडवं पडून दोन्ही टोकांनी सांडव्याच्या दगडी भिंतींत अडकलेलं. तार ताणली. आकडा चढला, चढला, ओंडक्याच्या वजनाच्या पलीकडे गेला, आणि ओंडका जागचा हलला नाही. पण त्याच्या मागचा सगळा ढीग एकदम शहारला.

"सोडा ताण," दामिनी म्हणाली. "हाच तो."

"मंग ओढू ना," भैय्यालाल म्हणाले.

"ओढला की हे सगळं एकाच लोटात खाली जाईल, बाबूजी. खाली रस्त्याचा पूल आहे."

तिने शकुनबाईंना बोलावलं आणि सगळं सांगितलं. पुलावर कोणी उभं राहू नये, नाल्याकाठच्या शेतांतून माणसं आणि जनावरं वर घ्यावीत. शकुनबाईंनी प्रश्न विचारले नाहीत. पोरं मोटारसायकली घेऊन दोन्ही काठांनी सुटली. तोवर दामिनीने फाट्यांचा लगदा वरून कमी करायला घेतला. नत्थूच्या माणसांनी कमरेला दोर बांधून, ढिगावर उभं राहून, कोयत्यांनी फाटे तोडले आणि जाळ्यात भरले; गाडा जाळी भरभरून डोंगरावर नेऊ लागला. सांडव्यातून पाणी थोडं जास्त वाहू लागलं. धारांचे झोत झाले. ढीग हलका होत होता, तसं तलावातलं पाणीही बोटबोट उतरत होतं.

पुलाकडून निरोप आला की रस्ता मोकळा आहे. तेव्हा नत्थूने ऐनाच्या मुळांकडच्या टोकाला साखळी बदलून घातली. मधोमध धरून उचललं असतं तर दोन्ही टोकं भिंतीत जाम राहिली असती. एक टोक उचललं की दुसरं आपोआप सुटणार होतं. साखळी बसवून तो ढिगावरून खडकावर आला, दोर सोडला, आणि सगळे मागे सरले.

दामिनीने आजूबाजूला एकदा पाहिलं. मोह, तार, गाडा, अर्जुन. हे यंत्र तिने कागदावर काढलं होतं, लोखंडात उतरवलं होतं, त्याचा प्रत्येक खिळा तिला ठाऊक होता. ते काय पेलतं हे तिला माहीत होतं.

"घ्या, बाबूजी."

ट्रॅक्टरचा आवाज जड झाला. आकडा चढला. ऐनाचं मुळांकडचं टोक भिंतीवर घासत, दगडाचे कपचे उडवत वर आलं. मग तोफ उडावी तसा आवाज झाला आणि सांडवा मोकळा झाला.

पाणी, लाकूड, फाटे, फेस, सगळं एकदम खाली गेलं. जाड तार धनुष्यासारखी वाकली आणि ऐनाचं झाड तिच्यावर झोके घेऊ लागलं. मोहाच्या फांद्या वरपर्यंत थरथरल्या. क्षणभर तारेचा आकडा दामिनीने आजवर पाहिला नव्हता इतका वर गेला, आणि तरीही तिने ठरवून ठेवलेल्या हद्दीच्या आतच राहिला. मग तो उतरला. पलीकडे अर्जुन जिथल्या तिथे उभा होता. लोट नाल्याच्या वळणावर आपटला, पुलाच्या कमानींतून गढूळ होऊन निघाला आणि दूर गेला. पुलाचे कठडे मोडले; पूल राहिला.

सांडवा आता एकसारखा, दमदार आवाज करत वाहत होता.

लोकांनी आरडाओरडा केला, कोणी शिट्ट्या मारल्या. शकुनबाई डोंगराची पायवाट चढून वर आल्या. त्यांना धाप लागली होती. त्यांनी दामिनीच्या दंडाला धरलं आणि बांधाखालच्या हिरव्या धानाकडे पाहिलं.

"रोवना वाचला," त्या म्हणाल्या.

"नाल्याकाठच्या काही बांध्यांत रेती गेली असेल," दामिनी म्हणाली.

"ते उपसू. रेती उपसता येते."

दुपारभर उरलेलं लाकूड काढणं चाललं. भूपेंद्रने कोणी न सांगता जेसीबी बांधाखालच्या पक्क्या जमिनीवरून फिरवून आणला आणि बांधाच्या पायथ्याशी दगड-मुरुमाचा टेका द्यायला घेतला. संध्याकाळी सगळे शाळेच्या पडवीत भात-वरण खायला बसले, तेव्हा तो दामिनीच्या समोर येऊन बसला.

"तुम्ही मले खाली उतर म्हणाले असते तं मी उतरलो असतो," तो म्हणाला. "मशीन गेलं असतं, मी वाचलो असतो. मागे घ्या काहून म्हणाले?"

"मशीन तिथेच राहिलं असतं तर बांध गेला असता," दामिनी म्हणाली. "आणि तुम्हाला मागे घेता येतं, हे दिसत होतं. तुम्ही घाबरला होतात, पण हात सरळ होता."

भूपेंद्र खाली बघून हसला. दिवसभरातलं त्याचं ते पहिलं हसणं. "विंच माह्या मशीनवर बसंन का?"

"जेसीबीवर नाही. ट्रॅक्टर आहे ना तुमच्याकडे? त्याच्यावर बसेल."

"बसवा मंग."

"आधी शिकावं लागेल. तार चुकली तर माणूस कापते."

"मी शिकवतो त्याले," भैय्यालाल मध्येच म्हणाले. "पयले महिनाभर क्लचले हात लावू देनार नाही."

खडकावर काढलेल्या फाट्यांचा ढीग मात्र तसाच पडून होता, एखाद्या घराएवढा. ओंडके वाळले की वनखात्याच्या डेपोत जाणार होते; फाट्यांचं काय, असं शकुनबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं. दामिनी तिच्या संशोधनाचा हा दुसरा अर्धा भाग सांगायला केव्हापासून टपली होती. जंगलात झाड पडलं की लोक खोड नेतात आणि फाटे तिथेच सोडतात. खरं तर बरंचसं जळण त्या फाट्यांतच असतं. मातीला खत म्हणून पाला आणि बारीक काटक्या तिथे राहू द्याव्यात, पण नाल्याच्या उतारावरचे जाड फाटे तरी काढलेच पाहिजेत. नाही तर ते उन्हाळ्यात वणव्याला कामी येतात आणि पावसाळ्यात सांडवा तुंबवायला. तुमसरला भातगिरण्यांत धान उकडायला बॉयलर चालतात. त्यांना जळण लागतंच. फाट्यांचा भुगा करणारं यंत्र लावलं तर हा ढीग गिरणीत जाईल.

"अन् ते यंत्र चालवन कोन?" शकुनबाईंनी विचारलं.

"तुमच्या गावच्या बाया चालवतील. मी शिकवते."

शकुनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, खोटं काही आहे का ते शोधल्यासारखं. मग त्या म्हणाल्या, "आमच्या बाया धानाची चुरणी-मळणी मशीनवर करते. फाटे का मोठी गोष्ट आहे!"

सप्टेंबरच्या ग्रामसभेत त्यांनी ठराव मांडला की डोंगरावर उरलेलं वादळातलं लाकूड थंडीत तारगाडीनेच उतरवलं जावं आणि फाट्यांचं काम गावाच्या बचत गटाला मिळावं. थोडी ओढाताण झाली, परवानग्यांसाठी भंडाऱ्याला खेटे पडले, पण शकुनबाई जिथे जात तिथे तो दिवस असा काही रंगवून सांगत की ऐकणारा खुर्चीत पुढे सरकून बसे. दामिनीने तिचे आकडे मांडले: तारेवरचे ताण, उचललेलं वजन, खरवडली न गेलेली माती. दोघींचं मिळून काम झालं.

डिसेंबरात डोंगरावर पुन्हा तार चढली. धान कापून झालं होतं, शेतांतून तणसाचा वास येत होता आणि सकाळचं धुकं नाल्यात अडकून बसलेलं असायचं. या वेळी ट्रॅक्टर दोन होते. पहिल्यावर भैय्यालाल, दुसऱ्यावर भूपेंद्र. महिनाभराची शिक्षा संपून त्याला क्लचला हात लावायची मुभा मिळाली होती, आणि या काळात त्याचं आणि दामिनीचं ताई-भाऊ जाऊन तू झालं होतं. पायथ्याशी भुग्याचं यंत्र धडधडत होतं आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया त्यात फाटे सारत होत्या. त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने हुकूम सोडत होत्या त्या उषाबाई, बचत गटाच्या अध्यक्षा. तुमसरच्या गिरणीचा ट्रक रस्त्यावर येऊन थांबला होता.

दामिनी मोहाखाली उभी होती. वरच्या उतारावरून नत्थूची शीळ आली आणि एक लांब सागवान नाल्याच्या धुक्यातून वर आला, तारेवरून डुलत, जमिनीला कुठेही न शिवता.

"दामिनी!" भूपेंद्र ट्रॅक्टरवरून ओरडला. "आकडा सांग ना!"

"नाही सांगत," ती म्हणाली. "आज हाताने ओळख. मी पडद्यावर बघते तू किती चुकतोस ते."

भैय्यालाल शेजारच्या ट्रॅक्टरवर बसून बिडी पेटवत होते. त्यांनी काडी विझवली, तारेकडे एक नजर टाकली आणि लेकीला म्हणाले, "घेईल बरोबर. पाहून घे तू."

ओंडका खडकावर टेकला. टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. भूपेंद्रने ब्रेक लावला आणि पुढच्या ओंडक्यासाठी गाडा वर सोडला.